कादंबरीचं नाव दुसऱ्यानं वापरलं तर?

प्रश्न : माझी पहिली कादंबरी आली आणि काही महिन्यांतच अगदी त्याच नावाचं दुसऱ्या लेखकाचं पुस्तक बाजारात आलं. कथा वेगळी आहे. या नावाचा कॉपीराइट किंवा ट्रेडमार्क मला घेता येईल का?

उत्तर : कॉपीराइट नाही मिळणार. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण नावासाठी महिनोन्‌महिने अडून बसलेले लेखक माझ्याकडे सल्ल्याला येतात. पण कॉपीराइट असतो साहित्यकृतीवर, आणि नुसतं शीर्षक म्हणजे साहित्यकृती नव्हे. 'देसी बॉइज' चित्रपटाच्या वादात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली हेच सांगितलं. अमेरिकेच्या नियमांतही नावं आणि शीर्षकं कॉपीराइटमधून वगळलेली आहेत. फ्रान्सचा कायदा मात्र उदार. शीर्षक अस्सल, स्वतःच्या प्रतिभेतलं असेल तर तिथं त्यालाही कृतीसारखंच संरक्षण मिळतं.

ट्रेडमार्कचं गणित वेगळं. तिथं विचारतात, की हे नाव ऐकल्यावर लोकांना तुम्हीच आठवता का? एकाच पुस्तकाच्या बाबतीत हे दाखवणं फार अवघड. 'निःशब्द' या बंगाली चित्रपटाच्या निर्मात्यांना त्याच नावाचा हिंदी चित्रपट थांबवता आला नाही, कारण प्रेक्षकांच्या मनात ते नाव त्यांच्याशीच जोडलं गेलंय, हे दिल्ली उच्च न्यायालयाला पटलं नाही (२००७). त्याच न्यायालयात 'शोले'चे हक्कदार मात्र जिंकले. त्या नावाची ओळख कुणाला पटवावी लागते?

मला हा निकष योग्य वाटतो. 'प्रवास', 'आई', 'पाऊस' असे शब्द पहिल्या लेखकाच्याच मालकीचे झाले, तर पुढच्यांनी लिहायचं कसं?

तुम्ही याच नावानं पुस्तकांची मालिका काढणार असाल, तर ट्रेडमार्कचा अर्ज जरूर करा. छापील पुस्तकांसाठी वर्ग १६ लागतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी नसली तरी, वाचक तुमचं म्हणून दुसऱ्याचं पुस्तक विकत घेत असतील तर दिशाभुलीचा दावा लावता येतो. त्यासाठी परीक्षणं, जाहिराती, विक्रीच्या पावत्या तारखांसह आजपासूनच जपून ठेवा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, अक्षरांचं वळण, रंग तुमच्यासारखेच आहेत का? तसं असेल तर दोन्ही मुखपृष्ठांचे फोटो पाठवा. मग माझं उत्तर बदलू शकतं.