जिनिव्हाला येताय तर आधी मुलीच्या शाळेचं बघा

ताई, तुम्ही विचारलंय की वन विभागात नऊ वर्षं काढल्यावर सायटिसच्या सचिवालयात, म्हणजे वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ऑफिसात नोकरी मिळतेय, तर नवरा आणि अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन जिनिव्हाला यावं का. पगार, ग्रेड, भत्ते सगळं वेबसाइटवर आहे, ते लिहीत नाही.

तिथे तुम्ही धाड टाकता, आरोपी पकडता. इथे हातात फक्त कागद. करारात देश आणि युरोपीय संघ धरून १८५ सदस्य आहेत, प्रस्ताव ते मांडतात, मतदान तेच करतात, आपण शिफारस लिहायची, परमिट खरं का खोटं ते कळवायचं. सुरुवातीला माझे हात नुसते शिवशिवायचे.

पण ऑगस्ट २०१९ मध्ये कोलंबोला ठरलेली सदस्यांची परिषद इथे हलवली आणि स्टार कासवाचा भारताचा प्रस्ताव मंजूर झाला, परिशिष्ट दोनमधून एकमध्ये, म्हणजे जंगलातली कासवं पकडून परदेशात विकणं बंद. मोज्यात कोंबलेली, चिकटपट्टीने गुंडाळलेली ती कासवं मी मुंबईत स्वतःच्या हाताने सोडवली होती. सचिवालयाच्या माणसाने टाळ्या वाजवायच्या नसतात, मी टेबलाखाली मुठी आवळून बसले होते.

त्याच दिवसांत माझ्या लेकीची शाळा सुरू झाली आणि मी गेले नाही, नवरा गेला, त्यालाही फ्रेंचचा गंध नाही. नंतर शाळेचं एक पत्र आलं, सही करून परत पाठवलं. दिवसभर परक्या देशांच्या परमिटवरचा एकेक शिक्का तपासत होते मी, आणि ते पत्र वाचलं नाही. इथल्या सरकारी शाळांत बाराव्या वर्षीच मुलांचे गट पाडायचे, आणि तिला सगळ्यात खालच्या गटात घातल्याचं त्यात होतं. गणितात कायम नव्वदच्या वर असायची हो, ती मार्कशीट कुणी बघितलीच नाही. डिसेंबरात भांडी पुसता पुसता विचारते, "आई, मी ढ झाले का गं?" वर यायला तिला दोन वर्षं लागली. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर येतो आणि जातो, गणपतीला आपली माणसं भेटतात.

या तुम्ही, काम मोलाचं आहे. पण मुलीची फ्रेंचची शिकवणी आजच लावा, स्वतःही तिच्याबरोबर बसा, आणि शाळेचा कुठलाही कागद कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. तिला बारावं कुठल्या महिन्यात लागतं ते कळवा, त्यावर बरंच अवलंबून आहे.