लिनक्सचं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) नवीन आहे? आधी हिस्टरी सांभाळ

दहा टूल्स एकदम बसवू नकोस. आधी हिस्टरीत, म्हणजे मागे दिलेल्या कमांडच्या नोंदीत, शोधणारं कंट्रोल-आर हाताला बसू दे. ते दाबून नुसतं ‘आरसिंक’ (फाइल कॉपी करायची कमांड) टाइप केलंस की मागे दिलेली लांबलचक कमांड जशीच्या तशी समोर येते. पुन्हा दाबलंस की त्याच्या आधीची. बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये तुझ्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, मुळात ५००च कमांड लक्षात ठेवतो. म्हणून बॅशआरसी या त्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ हे दोन्ही आकडे वाढव, नाहीतर ऐन वेळी हवी तीच कमांड गायब!

मग एफझेडएफ हे शोधायचं टूल घे. अर्धवट आठवणाऱ्या शब्दांवरूनही ते अचूक ओळ शोधतं, माझं तर त्याशिवाय पान हलत नाही.

थीम, आयकॉन सावकाश बघ. ग्नोम ट्वीक्समध्ये (ग्नोम डेस्कटॉपच्या जादा सेटिंग्जचं ॲप) कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाक मात्र आजच. करंगळी दुवा देईल.