पोळीतला माझा तुकडा

“मॅडम, निर्णय कॉम्प्युटर घेतो, क्लिक मी करते. उद्या कोणी विचारलं तर नाव माझं निघेल. मग दोषी कोण?”

हा प्रश्न आता मला वारंवार ऐकू येतो. कर्जाचे अर्ज पाहणारा बँकेतला मुलगा विचारतो, मशिनने वाचलेल्या एक्स-रेवर सही करणारी डॉक्टर विचारते. पण ज्या बाईमुळे मला तो नीट कळला, तिची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय अडतीस. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी. खापरीला मेट्रोत बसायची, सीताबर्डीला गाडी बदलून शंकरनगरला उतरायची आणि तिथून चालत धरमपेठेत माझ्याकडे समुपदेशनाला यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मे महिना होता, संध्याकाळी साडेसहालाही रस्ता तापलेला. खुर्चीच्या टोकावर बसून माठातलं दोन ग्लास पाणी प्यायली आणि म्हणाली, “मला तू म्हणा मॅडम, नाहीतर ऑफिसात बसल्यासारखं वाटते.” मग एकदम, “तीन महिने झाले, झोपच येऊन नाही राहिली. रात्री तीनला डोळे उघडतात अन् मी लॅपटॉप घेऊन बसते.”

झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, हे मी पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारते. जिवाला धोका वाटावा असं काही नव्हतं. थायरॉइड आणि रक्तदाब पाहायला तिला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. रात्री तीनला मी फोन उचलू शकत नाही, तिथे कोणीतरी उचलतं.

मग कामाची गोष्ट निघाली. तिच्या भारतीय कंपनीने दोन वर्षांपूर्वी जर्मनीतली एक कंपनी विकत घेतली होती. नोकरभरतीचं सॉफ्टवेअर बनवणारी. एकेका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, ते कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली वाचते आणि प्रत्येकाला शंभरपैकी गुण देते. कमी गुणांचे अर्ज नकाराच्या ढिगात जातात. त्या ढिगावरून माणसाची नजर फिरावी लागते, आणि ते काम नागपूरला आलं. तिला नवं पद मिळालं, ‘मॉडेल ओनर’. म्हणजे त्या प्रणालीची मालकीण.

मी विचारलं, “मालकीण म्हणजे तू ती प्रणाली थांबवू शकतेस?”

“नाही.”

“गुणांची मर्यादा बदलू शकतेस?”

“नाही. ती तिकडून ठरते.”

“ज्यांनी बनवली त्यांना विचारू शकतेस?”

“पाच जण होते. टिकून राहण्याचा बोनस मिळाला अन् चार जण सोडून गेले.” थोडं थांबून ती म्हणाली, “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.”

रोजचे दोनशे अर्ज. जेवण आणि मीटिंगा वजा जाता एकाला दोन मिनिटंही पुरी मिळत नाहीत. ‘पुन्हा पाहा’ असं एक बटण होतं, पण ते दाबलं की कारण लिहायचं आणि त्या दिवसाचा आकडा मागे पडायचा. आकडा मागे पडला की शुक्रवारी मॅनेजर विचारणार. आठ महिने तिने बहुतेक वेळा ‘मान्य’वरच क्लिक केलं होतं.

फेब्रुवारीत तिच्या लक्षात आलं की मध्ये काही वर्षं नोकरी नसलेल्यांचे गुण फार खाली जात आहेत. शिक्षण चांगलं, अनुभव चांगला, पण तीन-चार वर्षांचा खंड दिसला की अर्ज तळाला. त्यात बायका जास्त. ती स्वतः मुलगी लहान असताना तीन वर्षं घरी होती. “माझा अर्ज त्या मशिनसमोर गेला असता तर मीच मला नाकारलं असतं,” ती म्हणाली, आणि त्या भेटीत पहिल्यांदा रडली.

घरी सासूबाईंनी मायेनं समजावलं होतं, “मशिननं केलं न, तू काहून रडून राहिली?” नवरा म्हणाला, कंपनीचं कंपनी पाहील, तू मनावर घेऊ नको. मैत्रीण म्हणाली, नोकरी बदल. सगळ्यांचा हेतू चांगला होता. खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत माझ्याही ओठावर तेच आलं होतं, की तुझा यात काय दोष. अति अपराधी वाटणाऱ्या माणसाचं ओझं हलकं करायचं ही आमच्या कामाची जुनी सवय आहे. इथे मी ते बोलले नाही, ते दुसऱ्या भेटीत तिने सांगितलेल्या एका गोष्टीमुळे.

रात्री जागताना तिने ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसबद्दल वाचलं होतं. तिथल्या शाखांचा हिशेब ठेवणारी ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली आयसीएल या ब्रिटिश कंपनीत तयार झाली. आयसीएलचा ८० टक्के हिस्सा जपानच्या फुजित्सूने १९९० सालीच घेतला होता. पुढे सगळी कंपनी त्यांची झाली आणि २००२ मध्ये आयसीएल हे नावही गेलं. होरायझन १९९९ पासून शाखाशाखांत बसली आणि हिशेबात तूट दिसू लागली. ती प्रणालीतल्या दोषांमुळेही दिसू शकते, हे मानायला पोस्ट ऑफिस तयार नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे अनेकदा चोर नव्हताच. शाखा चालवणाऱ्या साध्या माणसांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी आयुष्य संपवलं. प्रणालीत दोष आहेत हे न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

“ते एआय नव्हतं मॅडम, साधा हिशेबाचा प्रोग्राम होता. माझं तर त्याहून अंधारात चालते.”

मी विचारलं, “या गोष्टीत तू स्वतःला कुठे पाहतेस? तुरुंगात गेलेल्यांत?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “नाही. ते लोक मदतीसाठी हेल्पलाइनला फोन करायचे न, तेव्हा त्यांना सांगत, असा त्रास फक्त तुम्हालाच आहे. फोनवर तसं सांगणारं जे कोणी होतं, ती मी.”

तोपर्यंत मी समजत होते की तिला शिक्षेची भीती आहे. भीती होती, पण झोप उडाली होती ती वेगळ्या कारणाने. आपण कोणाचं तरी नुकसान करत आहोत आणि ज्याचं होतंय त्याला ते कधी कळणारही नाही, हे तिला दिसलं होतं. बँकेतून पैसे गेले तर माणूस तक्रार करतो. नकाराचं पत्र आलेला माणूस काय तक्रार करणार? तो म्हणतो, आपणच कमी पडलो. अशा बाईला ‘तुझा काही दोष नाही’ म्हणणं म्हणजे तिच्या डोळ्यांवर हात ठेवणं. ते मला करायचं नव्हतं.

पुढच्या भेटीत मी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि एक मोठं वर्तुळ काढायला सांगितलं. विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत हा जुना प्रकार आहे. आम्ही इथे त्याला जबाबदारीची पोळी म्हणतो. झालेल्या गोष्टीत ज्यांचा ज्यांचा वाटा आहे त्यांना एकेक तुकडा द्यायचा, स्वतःचा शेवटी. तिने आधी स्वतःचाच अर्धा भाग रंगवायला घेतला. मी पेन्सिल थांबवली. “तुझा शेवटी.”

मग तिने एकेक नाव लिहिलं. ज्या जुन्या निवडींवरून प्रणाली शिकली, त्या निवडी करणारे लोक. सॉफ्टवेअर लिहिणारे. ते विकणारे. विकत घेताना ताळेबंद, करार, कर सगळं तपासणारे, पण ही प्रणाली कोणाला नाकारते हे न तपासणारे. गुणांवर डोळे मिटून विसंबणाऱ्या ग्राहक कंपन्या. दिवसाला दोनशेचं लक्ष्य ठरवणारा वरिष्ठ. आणि कडेला उरला एक तुकडा, साधारण आठवा हिस्सा.

तिने विचारलं, “एवढाच?”

मी म्हणाले, “एवढा आहे.”

या दोन शब्दांवर आम्ही तीन भेटी काम केलं. अर्धी पोळी उचलायला गेलं की माणूस दबतो आणि काहीच करत नाही, फक्त रात्री जागतो. शून्य म्हटलं की सकाळी उठून परत दोनशे क्लिक. आठव्या हिश्श्याचं मात्र काहीतरी करता येतं. त्यात काय काय आहे ते नेमकं लिहून काढता येतं.

याच काळात मी तिला मॅडलिन क्लेअर एलिश या अमेरिकन संशोधक बाईंची एक कल्पना सांगितली. मोटारीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा अशीच त्याची रचना असते, म्हणजे आतला माणूस वाचतो. स्वयंचलित यंत्रणांत उलटं होतं, असं त्या म्हणतात. चूक झाली की शेवटी उभा असलेला माणूस चेपला जातो आणि यंत्रणा वाचते. ती ऐकून म्हणाली, “म्हणून मला ओनर केलं काय?” मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. कंपन्या एकत्र करण्याच्या घाईत प्रत्येक रकान्यात कोणाचं तरी नाव भरावं लागतं आणि ज्याचं नाव भरलं त्याच्याकडे अधिकार आहे का, हे पाहायला वेळ नसतो. पण चेपण्याचं दुःख हेतूवर अवलंबून नसतं.

कायद्याचा सल्ला मी देत नाही, त्यासाठी तिला वकिलाकडे पाठवलं. तिथून ती एक वाक्य घेऊन आली आणि ते तिला माझ्या चार भेटींइतकं उपयोगी पडलं. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला, त्यातली कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतात. नोकरभरतीत अर्ज चाळणाऱ्या प्रणाली त्यात जास्त जोखमीच्या गटात आहेत. आणि अशा प्रणालीवर नजर ठेवणाऱ्या माणसाकडे पात्रता, प्रशिक्षण आणि अधिकार असायला हवेत, असं त्यात लिहिलं आहे. “अधिकार, मॅडम! मी मागून राहिली ते माझं नाटक नाही, कायद्यातच आहे.” त्या दिवशी पहिल्यांदा ती खुर्चीत मागे टेकून बसली.

मी तिला एक काम दिलं होतं, मॅनेजरच्या संमतीनेच करायचं. रोज वीस अर्ज गुणांचा रकाना झाकून वाचायचे, आधी स्वतःचं मत लिहायचं, मग गुण पाहायचे. गुण आधी दिसले की आपण अर्ज त्या गुणांच्या चष्म्यातूनच वाचतो. पंचेचाळीस दिसले की डोळा उणिवा शोधू लागतो. आठवड्याने ती वही घेऊन आली. जिथे तिचं आणि मशिनचं पटलं नव्हतं, तिथे बहुतेक ठिकाणी नोकरीत खंड होता. आता तिच्याकडे रात्रीच्या धडधडीऐवजी एक वही होती.

जर्मनीतल्या जुन्या पाचांपैकी जी एक बाई कंपनीत राहिली होती, तिच्याशी ही नागपूरची बाई दोन वर्षं फक्त मेलवर बोलत होती. आपल्याकडे नवीन माणसांशी ‘बघते’, ‘कळवते’ असं मोघम बोलून वेळ निभावून नेतो, आणि समोरची बाई त्याचा अर्थ होकार समजत होती. मी म्हटलं, एकदा फोन कर आणि सरळ विचार. आपल्या संध्याकाळच्या सहाला, तिथल्या दुपारी अडीचला, दोघी बोलल्या. ती बाई म्हणाली, खंडाचा हा दोष आम्हाला माहीत होता. विक्रीच्या आधीच त्यावर टिपण लिहून ठेवलं होतं. ते जुन्या फोल्डरमध्ये होतं आणि फाइली इकडच्या सर्व्हरवर हलवताना तो फोल्डर यादीत नव्हता.

मला हे ऐकून फार वाईट वाटलं. कंपनी घेताना सॉफ्टवेअर आलं, ग्राहक आले, करार आले, कॉफीचे मग आणि नवे लोगोसुद्धा आले, पण जुन्या माणसांच्या मनात ज्या शंका होत्या त्या आणायच्या असतात हे कोणाला सुचलं नाही. माझ्याकडे अशा कंपन्यांतले जे लोक येतात त्यांना मी आता पहिल्यांदा हेच विचारते, तिकडच्या लोकांना कशाची काळजी वाटत होती, ते तुम्ही विचारलं का?

दोघींनी मिळून चार पानांचं पत्र लिहिलं. वही, ते जुनं टिपण आणि कायद्यातलं ते वाक्य. पत्र पाठवायच्या आदल्या रात्री ती पुन्हा जागी होती, तिने मला नंतर सांगितलं, पण लॅपटॉप उघडला नाही. उशाशी ठेवलेल्या कागदावर ‘उद्या अकरा वाजता’ एवढंच लिहिलं.

सगळं गोड झालं असं नाही. वरिष्ठ नाराज झाले, त्या वर्षीचं तिचं मूल्यांकन एक पायरी खाली आलं. पण रोजचं लक्ष्य दोनशेवरून नव्वदवर आलं, खंड असलेले अर्ज आधी माणसाने वाचायचे असं ठरलं, आणि ‘थांबवा’ असं बटण तिच्या पडद्यावर आलं. ते तिने आजवर दोनदा दाबलं आहे. झोप पूर्ववत झाली म्हणणार नाही, पाचपर्यंत लागते.

आधीच्या आठ महिन्यांतले नकार पुन्हा उघडावेत ही तिची मागणी मात्र अजून मान्य झालेली नाही. त्यातले बरेच अर्ज मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे पुसलेही गेले. त्यांचं काय, हे तिने मला शेवटच्या भेटीत विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं मी तिला सांगितलं. जे उरले आहेत त्यांच्यासाठी ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तोच मेल पुन्हा पाठवते. वर तारीख बदलते आणि खाली किती अर्ज शिल्लक आहेत तो आकडा.