चीन मागे पडला, पण जहाजांमुळे नाही

चीन युरोपच्या मागे का पडला, असा तुमचा प्रश्न आहे. चिनी दर्यासारंग झेंग हेच्या सागरी मोहिमा १४३३ नंतर थांबल्या, दारं बंद झाली आणि तिथेच चीन मागे पडला, असं तुम्ही त्यात गृहीतच धरलं आहे. हे मला पटत नाही. १५६७ मध्ये चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या दरबाराने फुजियानमधल्या युएगांग बंदरातून खासगी व्यापाराला मोकळीक दिली. १५७१ मध्ये स्पॅनिशांनी फिलिपिन्समधलं मनिला घेतलं आणि अमेरिकेतली चांदी तिथून चीनकडे वाहू लागली. दारं बंद असती तर ती आत कुठून आली असती? १७५७ नंतर युरोपीयांना व्यापारासाठी एकटं कँटन बंदर उरलं, हे खरं. पण चिनी जहाजं आग्नेय आशियात जातयेतच होती.

माझ्या मते खरी मेख तिजोरीत आहे. १७१२ साली, मिंगांनंतर आलेल्या छिंग घराण्याच्या कांगशी बादशहाने फर्मान काढलं की लोकसंख्या कितीही वाढो, डोईपट्टीचा आकडा आता वाढणार नाही. हेतू चांगलाच होता! पण पुढच्या दीडशे वर्षांत लोकसंख्या १५ कोटींच्या आसपासवरून ४० कोटींच्या पुढे गेली आणि महसूल त्या मानाने हललाच नाही. एकेका जिल्हाधिकाऱ्याच्या माथी लाख-दोन लाख माणसं. कारकुनांचे पगार भागेनात, मग वरकड वसुली. म्हणजे कागदावर कर हलका आणि रयतेला जाच आहेच.

गंमत म्हणजे त्याच १७१२ मध्ये इंग्लंडात न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसू लागलं. ते इतका कोळसा खायचं की खाणीच्या तोंडाशीच परवडायचं. न्यूकॅसलचा कोळसा जहाजाने थेट लंडनला जाई. चीनचे मोठे साठे शान्सीच्या डोंगरांत आणि कापड-रेशमाची पेठ पार यांगत्सेच्या मुखाशी. शिवाय चिनी मजूर लंडनच्या मजुरापेक्षा कितीतरी स्वस्त, मग यंत्रात पैसा घालणार कोण? अक्कल कमी होती म्हणाल तर सोंग राजवटीने १०२४ मध्येच सरकारी कागदी नोटा काढल्या होत्या.

इंग्रज सरकार मात्र भरपूर कर घ्यायचं आणि १६९४ पासून बँक ऑफ इंग्लंडच्या आधाराने स्वस्तात कर्जही काढायचं, बहुतेक लढायांसाठीच. छिंग दरबाराला रोखे काढणं माहीतच नव्हतं. अडचण आली की पदव्या विकायच्या, नाहीतर मिठाच्या व्यापाऱ्यांकडून 'देणग्या' घ्यायच्या. १७९३ मध्ये छ्यानलुंग बादशहाने व्यापाराच्या सवलती मागायला आलेल्या ब्रिटिश दूत मॅकार्टनीला, आमच्याकडे सगळं आहे, असं सुनावलं. तीनच वर्षांत श्वेतकमळ पंथाचं बंड उसळलं आणि ते मोडता मोडता साठवलेली चांदी संपत आली.