हृदयरोग संशोधन केंद्राची माणसं गावात येऊन तपासून जातात, गोळी मात्र देत नाहीत. मग त्यांचं नेमकं काम काय? त्यांना परत येऊ द्यावं का?

येऊ द्या. मी अशाच एका केंद्राच्या पथकातून बीड-लातूरकडच्या गावांत फिरते, त्यामुळे तुमचा प्रश्न मला दारोदार ऐकायला मिळतो. आईवडिलांचं बीपी, रक्त, कंबरेचं माप नेलं, सही घेतली, गोळी एकही दिली नाही आणि वर्षाने परत येणार म्हणतात, ते कशाला?

दवाखाना समोरच्या आजारी माणसाला बरं करतो. संशोधन केंद्र आज धडधाकट असलेल्या माणसांची नावं नोंदवतं आणि पुढे त्यांतल्या कुणाला हार्टचा त्रास होतो, का होतो, हे वर्षानुवर्षं बघतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ जणांना घेऊन असा अभ्यास सुरू झाला. वयाबरोबर बीपी वाढायचंच, असं तेव्हा पुष्कळ डॉक्टरही मानायचे. बीपी, सिगारेट, कोलेस्टेरॉल यांनी अटॅकचा धोका वाढतो, हे त्या गावकऱ्यांच्या दर दोन वर्षांच्या तपासण्यांतून पुढे आलं. तिथेही अभ्यासातून उपचार होत नव्हते, अहवाल ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे जायचा.

मग तिकडचंच उत्तर आपण का वापरत नाही? पुष्कळसं वापरतोच. पण २००४ साली ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास आला. आपल्या उपखंडातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधी येतो, असं त्यातून दिसलं. चघळायच्या तंबाखूनेही धोका वाढतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडे पुरुषांची चुना-तंबाखू आणि बायांची मिश्री. ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारलं तर बाया नाही म्हणणार, आणि ते खरंच असतं. दिवसातून किती वेळा मिश्री लावता, हे विचारायला दारातच जावं लागतं.

मोजमापात आम्ही घाई करत नाही, लोक कंटाळले तरी. बीपीच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीला, आणि थोड्या थोड्या वेळाने दोन-तीनदा मोजायचं. रानातून नुकत्याच आलेल्या बाईचं उभ्या उभ्या घेतलेलं बीपी आम्हाला कामाचं नाही. काही अभ्यासांत चोवीस तासांची लघवी साठवायला कॅनही देतात. माणसं लाजतात, पण ठेचा, पापड, लोणच्यातून पोटात किती मीठ गेलं ते विचारून कळत नाही, लघवीत सापडतं.

सगळ्यात जड काम वेगळंच आहे. नोंदवलेलं माणूस वारलं की ते कशाने गेलं हे ठरवावं लागतं. खेड्यात बरीच माणसं घरीच जातात, शवविच्छेदन होत नाही, आणि गाव म्हणतं, ‘अटॅकने गेला.’ तेवढ्यावर लिहून चालत नाही. तेरावं झालं की आम्ही जातो आणि शेवटी जे जवळ होतं त्याच्यापाशी बसतो. छातीत दुखलं का, किती वेळ, हातात कळ गेली का, दरदरून घाम आला का, तोंड वाकडं झालं का, अंगावरून वारं गेलं होतं का, त्या दिवशी फवारणी केली होती का. एक सून म्हणाली, “मामंजी म्हनत होते, छातीवर कुनी बसल्यावानी वाटतंय.” हे जसंच्या तसं लिहायचं, आपल्या मनाने ‘अटॅक’ लिहायचं नाही. मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता तो कागद वाचून कारण ठरवतात. त्यांचं जुळलं नाही तर तिसरा बघतो. या कामाला मी फार मानते. खेड्यातल्या माणसाच्या मरणाची एवढी बारकाईने चौकशी एरवी कोण करतं?

दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन माणसं कारखान्यांकडे निघतात आणि घरांना कुलपं लागतात. सर्वांत जास्त कष्ट करणारी माणसं हीच. ती नोंदीतून गळाली तर निकाल फक्त घरी राहिलेल्यांचा लागेल. म्हणून आम्ही मुकादमाचा नंबर घेऊन ठेवतो आणि मोठी फेरी टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यात धरतो. तुमच्या घरचं कुणी जात असेल तर पथकाला आधीच सांगा.

आता तुमच्या हक्काचं. संमतीपत्राची मराठी प्रत तुमच्याकडे असली पाहिजे, नसेल तर मागा. कुणाकडे तक्रार करायची तेही त्यावर लिहिलेलं असतं. मधेच नाव काढून घेता येतं, कारण द्यावं लागत नाही. आणि हा नुसता पाहणीचा अभ्यास आहे की औषधाची चाचणी, हे स्पष्ट विचारा. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, लागते (२००९ पासून ती सक्तीची आहे), आणि चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार व भरपाई द्यावी लागते, तसे २०१९ चे नियम आहेत. अशा वेळी घरात बसून, सगळं वाचून मगच सही करा.

आईवडिलांचे आकडे आजच मागून घ्या. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त निघालं असेल तर वर्षभर पथकाची वाट बघू नका, तोच कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गोळ्या तिथे फुकट मिळतात. आणि वडील तंबाखू खात असतील तर पुढच्या फेरीला दिवसाच्या किती पुड्या लागतात ते त्यांना खरं सांगू द्या. आम्ही रागवायला येत नाही.