पावसाळी पाइपाच्या कोपऱ्यातच तळघर गळतंय? आतून पुन्हा थर देऊ नका, पाइपाचा बेंड उकरा

छताचा पाइप जिथे जमिनीत शिरतो, नेमक्या त्याच कोपऱ्यात तळघराची भिंत ओली होते आणि आतून दोनदा दिलेलं वॉटरप्रूफिंग फुगून त्याचे पापुद्रे निघाले, असं तुम्ही लिहिलंय. तिसरा थर देऊ नका, तोही टिकणार नाही. भिंतीमागे एक मीटर उंचीचं पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला साधारण एक टन दाब येतो. आतल्या थराला हा दाब भिंतीपासून सोलून काढतो. बाहेरून थर दिला असता, तर याच दाबाने तो भिंतीला आणखी घट्ट चिकटून राहिला असता.

पाणी किती येतं तेही बघा. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. 100 चौरस मीटर छतावर 50 मिमी पडला की 5,000 लिटर, आणि पाइप दोन असतील तर त्या एका कोपऱ्यात 2,500. एवढं पाणी ज्या मातीत उतरतं, ती मूळची नसते. तळघर बांधताना खणलेल्या चरातला तो भराव असतो, पोकळ आणि वर्षानुवर्षं बसत राहणारा. उभा पाइप भिंतीला क्लॅम्पने धरलेला, तर आडवा पाइप भरावाबरोबर खाली सरकतो. ताण येतो तो दोघांमधल्या बेंडवर, म्हणजे वळणाच्या तुकड्यावर. सॉकेट, म्हणजे पाइप ज्यात बसतो ते रुंद तोंड, एका बाजूने बोटभर उघडतं, पाणी भिंतीलगत झिरपतं आणि वरून काहीच दिसत नाही.

अंदाजावर खणू नका, आधी चाचणी घ्या. कोरड्या दिवशी आडव्या पाइपाचं चेंबरकडचं तोंड टेस्ट प्लगने (पाइपात घट्ट बसणाऱ्या बुचाने) बंद करा आणि उभ्या पाइपाच्या सफाईच्या झाकणातून पाणी भरा. पातळी जमिनीच्या थोडी वर आली की बास, छतापर्यंत भरलं तर चांगला जॉइंटही दाबाने सुटू शकतो. पाण्यात खाण्याचा रंग घाला, पातळीवर खूण करा, अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली तर पाइप किंवा त्याचा जॉइंट गळतोय. आत रंगीत ओल दिसली तर उत्तमच, पण मातीतून गाळून येताना रंग बऱ्याचदा मागेच राहतो, त्यामुळे रंग दिसला नाही म्हणून पाइप निर्दोष ठरत नाही.

पातळी जागेवर राहिली तर होजने भिंतीलगतच्या जमिनीवर वीस मिनिटं पाणी सोडा. मग थोडं वर, मग आणखी वर. खालून वर हा क्रम मोडू नका, नाहीतर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळणार नाही. तरीही आत नवी ओल येत नसेल तर ओलसर भागावर दोन फुटी प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दिवसभराने थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर ती हवेतली वाफ आहे, भिंतीच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतूनच येतंय.

पाइपच दोषी निघाला तर बेंडभोवती खणा, पण पायाच्या तळाखाली जाऊ नका. कमरेपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना फळ्यांचा आधार देऊनच आत उतरा. नवा पाइप 110 मिमीचा, बिनभोकाचा. खाली 10 सेंमी वाळू, उतार मीटरला किमान 1 सेंमी. 90 अंशांच्या एका बेंडऐवजी 45 चे दोन लावा, पाला अडकत नाही आणि सफाईची सळईही आत वळते. उभा आणि आडवा पाइप जिथे भेटतात तिथे सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) नको, रबर रिंगचं सॉकेट घ्या. पाइप पूर्ण आत ढकलून 1 सेंमी मागे ओढला की माती बसली तरी जॉइंटला हलायला जागा राहते. माती 15 सेंमीच्या थरांनी ठोकत भरा. चर उघडा असतानाच बाहेरची भिंत धुऊन, भेगा भरून बिटुमेनचा थर द्या. त्यावर ड्रेन बोर्ड (थर झाकणारा उंचवट्यांचा प्लॅस्टिकचा पत्रा) हवाच, नाहीतर भरावातला पहिला टोकदार दगड थर फाडतो.

हे पाणी पायालगतच्या भोकांच्या पाइपात कधीही जोडू नका. तो पाइप जमिनीतलं पाणी गोळा करण्यासाठी असतो. छताचं पाणी त्यात सोडलं की त्याच भोकांतून ते पायाला पाजलं जातं. ही चूक फार दिसते. उघड्यावर सोडायचं तर भिंतीपासून 3 मीटर तरी लांब, शोषखड्डा असेल तर निदान 5 मीटर.

वरची जमीनही तपासा: पहिल्या 3 मीटरमध्ये बाहेरच्या बाजूला 15 सेंमी उतार हवा. घराभोवतीची काँक्रीटची पट्टी आणि भिंत यांच्यातली फट सिमेंटने भरू नका, ते पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं. फटीत फोमची दोरी दाबून वर पॉलियुरेथेन सीलंट भरा.

पंप आणि संप (पाणी गोळा करायचा खड्डा) यांचा खर्च आत्ताच नको. पावसानंतर दोन दिवसांनी, चारही भिंतींच्या मुळाशी सारखीच ओल चढत असेल तर भूजलाचा संशय घ्या. एकाच कोपऱ्यात, पाऊस सुरू असतानाच ओल येत असेल तर ते बहुधा छताचंच पाणी.

दुरुस्तीनंतर आतला जुना थर खरवडून काढा, लोणा (भिंतीवर फुटलेलं पांढरं मीठ) कोरड्या ब्रशने झाडा आणि भिंत उघडी ठेवा. जाड भिंत सुकायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे लगेच डाग दिसला तर घाबरू नका. ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या मोठ्या पावसात ओल रेघ ओलांडून गेली, तरच पुन्हा चाचणी घ्या.