मुलीचे रेडिओथेरपीतील पोस्टिंग रद्द करून घ्यावे का?

आपण कळवले आहे की मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढील महिन्यात तिचे पोस्टिंग रेडिओथेरपी विभागात लागले आहे, कॉलेजात या विषयावर जेमतेम एक तास झाला, आणि पुढे तिच्या मातृत्वावर परिणाम होईल या धास्तीने आपण पोस्टिंग बदलून मागणार आहात. तसा अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एवढा विषय तासाभरात उरकला जातो, ही आपली तक्रार रास्त आहे.

लिनियर ॲक्सिलरेटर या शरीराबाहेरून किरण देणाऱ्या यंत्रावर उपचार घेतलेला रुग्ण खोलीबाहेर आला की त्याच्या अंगात किरणोत्सर्ग उरत नाही. त्याला भरवणे, त्याच्या तोंडातील व्रणांची काळजी घेणे, किरण कुठे द्यायचे हे दाखवणाऱ्या त्वचेवरच्या खुणा अंघोळीत पुसू नयेत हे त्याला समजावणे, ही कामे कोणतीही सिस्टर निर्धास्तपणे करू शकते. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. आयोडीन-131 ची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे आठ दिवस लागतात आणि ते लघवी, घाम व लाळेवाटे बाहेर पडते. त्यामुळे औषध, पाणी, चादर सगळे दाराबाहेरच तयार ठेवून, विचारपूस दारातूनच करून, आतले काम दोन मिनिटांत आटोपायचे असते. रुग्णापासूनचे अंतर दुप्पट केले की आपल्याला मिळणारी किरणांची मात्रा साधारण चौथाईवर येते, हे सूत्र फळ्यावर लिहून घेण्यापेक्षा रिकाम्या खाटेभोवती एकदा सराव करून घेतला, तर मुलींच्या कायमचे लक्षात राहते. शिक्षिकांकडे आग्रह धरायचा असेल, तर तो अशा सरावाचा धरावा.

मातृत्वाविषयी सांगायचे, तर अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षी 30 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. गरोदरपण कळवल्यानंतर गर्भासाठी ती उरलेल्या काळात अवघी 1 मिलिसिव्हर्ट आहे. मात्रा मोजण्यासाठी टीएलडी बॅज असतो आणि शिशाचा एप्रन घातल्यास तो आतून, छातीवर लावायचा असतो. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून निश्चिंतपणे वावरणाऱ्या अनुभवी सिस्टर मी पाहिल्या आहेत, आणि बॅज लावला म्हणजे किरण अडले असे समजणाऱ्याही. बॅज फक्त मोजतो, अडवत नाही.

करिअरच्या दृष्टीने पाहता, मुंबईत परळला व नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये आहेत आणि एम.एस्सी. नर्सिंगमध्ये कर्करोग परिचर्या हा स्वतंत्र विषय घेता येतो. ज्या विभागाला इतर मुली बिचकतात, तिथला अनुभव मुलाखतीत उपयोगी पडतो.

पहिल्याच दिवशी मुलीने विभागाच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात : विद्यार्थिनींना बॅज मिळणार का, कोणत्या खोलीत त्यांनी जायचे नाही, आणि आयोडीनच्या रुग्णाला उलटी झाली तर ती कोणी व कशी साफ करायची.